गोव्याची सोन्याची घंटा आणि आपली मेणवलीची घंटा



आम्ही वाई तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. वर्षभर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून गेल्या थंडीत आम्ही गोव्याची सहल काढली. निघताना गावातल्या बाप्यांनी चेष्टा केली, बाया गोव्याला कशाला चालल्या म्हणून. आम्हाला समुद्र बघायचा होता, मंगेशी-शांतादुर्गेला जायचं होतं आणि जमलं तर काजूचा भाव बघायचा होता. ते सगळं झालं. पण परत आल्यापासून बैठकीत विषय निघतो तो समुद्राचा नाही, घंटेचा. म्हणून आज रेडिओवर घंटेचंच सांगतो.

जुन्या गोव्याला मांडवी नदीच्या काठाजवळ 'से' नावाचं फार मोठं चर्च आहे. 'से' म्हणजे आसन, बसायची जागा. ज्या चर्चमध्ये बिशपची, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूची खुर्ची असते त्याला कॅथेड्रल म्हणतात. आपल्याकडे मठ पुष्कळ, पण गादी एका ठिकाणी, तसंच म्हणा. हे चर्च बांधायला १५६२ साली घेतलं. मुख्य इमारत व्हायला १६१९ उजाडलं. म्हणजे ज्यांनी पाया खणला त्यांच्या नातवंडांनी छप्पर बघितलं असेल. लांबी अडीचशे फूट. आत गेल्यावर आमच्यातल्या बोलघेवड्या बायासुद्धा गप्प झाल्या.

चर्च कॅथरीन नावाच्या संत बाईच्या नावाने आहे. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्क नावाच्या सेनापतीने आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं तो दिवस १५१० सालच्या नोव्हेंबरची २५ तारीख, आणि तोच या कॅथरीनबाईंचा सण. म्हणून तिचं नाव. तिची कथा अशी सांगतात, की ती फार शिकलेली होती आणि राजाने तिला हरवायला पन्नास पंडित बोलावले, तर तिने त्या पन्नासांनाही वादात गप्प केलं. हे ऐकून आमच्या आक्का म्हणाल्या, "मग ग्रामसभेला हिलाच न्यायला पायजे."

चर्चच्या समोर उभं राहिलं की डाव्या हाताला मनोरा दिसतो आणि उजव्या हाताला नुसतं आभाळ. आधी दोन्हीकडे मनोरे होते. १७७६ साली वीज पडून एक कोसळला आणि तो परत कुणी बांधलाच नाही. राहिलेल्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी ती सोन्याची घंटा. सगळ्या गोव्यात तिच्याएवढी मोठी घंटा नाही.

आक्कांचा पहिला प्रश्न, "किती तोळ्याची?"

तर तिच्यात सोनं नाही. तिचा आवाज इतका भरलेला आणि गोड, की लोकांनीच तिला सोन्याची म्हटलं. घंटा असते काशाची. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तांब्यात कथील मिसळलं की धातू कडक होतो आणि त्याला नाद येतो. पण तोच कडकपणा त्याला ठिसूळही करतो. चुकीच्या जागी घाव बसला तर घंटेला तडा जातो, आणि तडा गेलेली घंटा कितीही मोठी असली तरी थपथप वाजते. आपण बाजारात मडकं घेताना बोटाने टिचकी मारून बघतो ना, तोच हिशेब. घंटा ओतायची म्हणजे मातीचा आतला गाभा करायचा, वरून मातीचंच दुसरं कवच बसवायचं, दोघांच्या मध्ये नेमकी जागा ठेवायची आणि तिथे वितळलेला रस एका दमात ओतायचा. मग सावकाश निवू द्यायचं. घाई केली की गेलं. तोंडाशी काठ किती जाड ठेवला त्यावर सूर ठरतो, आणि तो सूर माती फोडल्यावरच कळतो.

ही घंटा १६५२ साली कुंकळ्ळी गावात ओतली असं सांगतात. कुंकळ्ळी हे दक्षिण गोव्यातलं गाव, धातूच्या कामाला पहिल्यापासून नावाजलेलं. आणि आणखी एका गोष्टीसाठीही. १५८३ साली या गावाने पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला. देवळं पाडून गावात चर्च बांधायला आलेल्या पाच पाद्र्यांना गावकऱ्यांनी मारलं. त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना मारून टाकलं. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण गाव सोडून फातर्प्याला गेली ती आजही तिथेच आहे. वर्षातून एकदा तिची मिरवणूक रंगीत छत्र्या घेऊन कुंकळ्ळीला माहेरी यावी तशी येते. आता बघा, त्या उठावानंतर ६९ वर्षांनी त्याच गावच्या कारागिरांच्या हातून राज्यातली सर्वांत मोठी चर्चची घंटा ओतली गेली. पोटासाठी माणूस काय काय ओततो. त्या कारागिरांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

आता ती घंटा कशासाठी वाजायची ते सांगतो. ते ऐकल्यापासूनच ती आमच्या डोक्यातून जाईना.

सणाला वाजायची, प्रार्थनेला वाजायची, हे तर झालंच. पण से चर्चच्या समोरच्या चौकातच एक मोठा वाडा होता. लोक त्याला 'व्हडलें घर', म्हणजे मोठं घर म्हणायचे, कारण खरं नाव घ्यायची भीती वाटायची. ते होतं धर्मन्यायालय, इंग्रजी-पोर्तुगीजमध्ये इन्क्विझिशन. १५६० साली सुरू झालं, मध्ये चार वर्षं बंद पडलं, आणि कायमचं संपलं १८१२ साली. म्हणजे अडीचशे वर्षं. जे लोक ख्रिस्ती झाले, पण घरात जुने रीतिरिवाज पाळतात असा संशय आला, त्यांना तिथे न्यायचं. कुणी सांगितलं हे आरोपीला कळू द्यायचं नाही. आरोप काय तेही नीट सांगायचं नाही. सोळा हजारांच्या वर लोकांवर तिथे खटले चालले.

आणि जुने रीतिरिवाज म्हणजे काय? १७३६ साली या न्यायालयाने एक हुकूम काढला, त्यात यादीच आहे. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. नवरा-नवरीला हळद-तेल लावायचं नाही. विडे वाटायचे नाहीत. अंगणात तुळस लावायची नाही, असेल ती उपटायची. एकादशी धरायची नाही. बाईने चोळी घालायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदूंच्या घरी तसा शिजतो.

मैत्रिणींनो, ही यादी आम्ही बैठकीत दोनदा वाचली. पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, की यातलं जवळजवळ सगळं बायकांच्या हातातलं आहे. ओवी, हळद, तुळस, चोळी, भात. राज्य पुरुषांचं, न्यायालय पुरुषांचं, पण गुन्हा शोधायला त्यांना स्वयंपाकघरात आणि मांडवाच्या मागे जावं लागलं. आणि एवढी मोठी हुकमाची यादी १७३६ साली काढावी लागली, म्हणजे न्यायालय सुरू होऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी बाया ओव्या म्हणतच होत्या. आमच्यातल्या एका वहिनींनी हे सांगितलं तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

या न्यायालयात सापडलेला एक फ्रेंच डॉक्टर होता, देलाँ नावाचा. त्याला दमणला पकडून गोव्याला आणलं. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने १६८७ साली पुस्तक छापलं, म्हणून जगाला आतलं कळलं. आपल्या मराठीतले मोठे अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली गोव्याच्या या न्यायालयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यातही देलाँची हकिगत आहे. १६७६ सालच्या जानेवारीत निकालाचा दिवस आला. उजाडायच्या आधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजायला लागली. ती शहराला खूण होती, की लोकहो, मिरवणूक बघायला या. मग कैद्यांना अनवाणी, हातात मेणबत्ती देऊन रस्त्यांनी फिरवलं आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर शिक्षा वाचल्या. देलाँला पोर्तुगालच्या गलबतांवर सक्तमजुरीची शिक्षा झाली. बहुतेकांना असंच काहीबाही, कैद, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती. पण त्या दिवशी दोघांना जाळायची शिक्षा होती. एक पुरुष आणि एक बाई, दोघं इथलेच ख्रिस्ती. आरोप जादूटोण्याचा. देलाँ लिहितो, की शिक्षा देणारे जितके जादूगार होते तितकेच हे दोघं होते.

तिचं नाव त्याने दिलेलं नाही. न्यायालयाचे बहुतेक कागद पुढे नष्ट केले गेले. तिचं म्हणून आपल्यापर्यंत आलं ते एवढंच, की त्या पहाटे घंटा वाजली आणि ती चालत गेली. आपल्याकडेही चेटकीण ठरवून बाईला मारल्याच्या बातम्या कधीमधी येतात, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला लांबची वाटली नाही.

इथे एक सांगायला हवं. हे ऐकून आमच्यातली एक तरुण पोरगी रागावून म्हणाली, मग कशाला जायचं त्या चर्चमध्ये. तिला आमच्या आक्कांनीच गप्प केलं. ज्यांना धरून नेलं ते जास्त करून ख्रिस्तीच होते. आज जी बाई तिथे गुडघे टेकून बसली होती, तिच्याच खापरपणजीची तुळस उपटली होती.

ते आम्हाला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. आम्ही उतरलो होतो एका गावात, तिथल्या बचत गटाच्या ताईंच्या घरी. ताई ख्रिस्ती. सांजेला गावच्या चर्चची घंटा वाजली तशी त्या हातातला कोयता खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणाल्या. सकाळी, दुपारी आणि सांजेला अशी तीनदा ही घंटा होते. देवदूताने मरियेला येऊन सांगितलं, की तुला मूल होणार, त्याची ती आठवण. सांजेची घंटा झाली की पोरांनी खेळ सोडून घरी यायचं, मोठ्यांसमोर उभं राहून आशीर्वाद मागायचा. त्याला 'बेसांव' म्हणतात. आमच्याकडे दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती, त्यांच्याकडे हे. ताई म्हणाल्या, आता पोरं मोबाईलवर असतात, घंटा ऐकतात कुठे. आम्ही म्हटलं, ताई, ते आमच्याकडेही तसंच आहे.

त्यांनी आणखी सांगितलं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा मुक्या ठेवतात, येशूच्या मरणाचा दुखवटा म्हणून. तेव्हा लाकडाची खटखट वाजवून लोकांना बोलावतात. आणि नवी घंटा टांगायच्या आधी तिला पाणी शिंपडून, तेल लावून आशीर्वाद देतात, नावही ठेवतात. चक्क बारसं!

पणजीला पायऱ्या पायऱ्यांचं पांढरं चर्च आहे, सिनेमात दिसतं ते. तिथली घंटा गोव्यातली दुसऱ्या नंबरची. वजन सव्वादोन हजार किलो. ती मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनी मठाची. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनेच मठ बंद केले, इमारत पडायला आली, तेव्हा घंटा उतरवून आग्वादच्या किल्ल्यात दीपस्तंभावर नेली. तिथे ती तीसेक वर्षं समुद्राकडे तोंड करून होती. मग १८७१ साली पणजीला आली. जुन्या गोव्यात तोवर माणसंच उरली नव्हती. साथीच्या रोगांनी शहर उठलं, १८४३ साली राजधानीही पणजीला गेली. सोन्याची घंटा मात्र जागेवरच राहिली, अख्खं शहर निघून गेलं तरी. आता दर दहा वर्षांनी संत झेवियरचे अवशेष दर्शनासाठी शेजारच्या चर्चमधून से चर्चमध्ये आणतात तेव्हा तिथे लाखोंची गर्दी होते. नुकतंच ते २०२४ च्या नोव्हेंबरात झालं. आम्ही गेलो तेव्हा सोन्याची घंटा काही वाजली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं.

परतीच्या गाडीत, घाट चढताना, कुणीतरी म्हणालं, "अगं, आपल्या मेणवलीची घंटा बी चर्चचीच म्हंत्यात की."

मेणवली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ. देवळाजवळ वेगळ्या दगडी मांडवात एक मोठी घंटा टांगलेली आहे. लहानपणापासून आम्ही ती वाजवली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेचं चित्र आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली. फार मोठा वेढा, फार माणसं पडली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन आले आणि ठिकठिकाणच्या देवळांत दिल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिचं तर नाशिककर पूर किती चढला ते सांगतानाही नाव काढतात. आणि एक आपली मेणवलीची. वसई पडली तेव्हा नाना फडणवीस जन्मलेही नव्हते, त्यांचा जन्म १७४२ चा. म्हणजे घंटा आधी आली आणि नाना मागून.

घरी आल्यावर पहिल्या सोमवारी आम्ही मुद्दाम मेणवलीला गेलो. इतकी वर्षं जी घंटा नुसती बडवली तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. आक्कांना नजर कमी, त्यांनी हाताने चाचपून बघितलं. म्हणाल्या, "कडेवर लेकरू हाय गं हिच्या."

तिथे घाटावर बसून बराच वाद झाला. एक म्हणाली, लढाईत जिंकून आणली, आपलीच झाली. दुसरी म्हणाली, मग त्यांनी आपली देवळं पाडली त्याला नावं कशाला ठेवायची, ज्या गावची ही घंटा नेली त्या गावच्या बायांना सांजेला काय वाटलं असेल? तिसरी म्हणाली, पण आपण ती वितळवली तर नाही. लढाईत घंटा वितळवून तोफा करतात, इथे ती देवापुढे टांगली, आणि तिच्यावरचं चित्र पुसलं नाही. हे तिसरीचं म्हणणं आम्हाला जास्त पटलं, पण दुसरीचा प्रश्न काही सुटला नाही. तो आजही तसाच आहे.

आणि एक फरक लक्षात आला. देवळातली घंटा ज्याची त्याने वाजवायची. आली बाई, वाजवली घंटा, देवाला कळलं मी आले. चर्चची घंटा एकजण दोर ओढून वाजवतो आणि ती सगळ्या गावासाठी असते. ऐकायचं की नाही हे तुम्ही ठरवत नाही. म्हणूनच ती इतकी मोठी, इतक्या उंचावर. मेणवलीची घंटा घडवली दुसऱ्या कामासाठी, आणि आता आपण एकेकटीने येऊन ती वाजवतो. तिचा टोला नदीपलीकडे जातो त्याचं कारण हे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या देवळातली घंटा जरा जवळ जाऊन बघा. काही आकडे, अक्षरं, क्रूस किंवा चित्र दिसलं तर त्याला शेंदूर-तेल लावू नका, साध्या कोरड्या फडक्याने पुसा. जाणत्या म्हाताऱ्यांना विचारा ती कुठून आली. आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आधी रेडिओवर फोन करून आम्हाला सांगा. आमच्याकडे एक वही केली आहे, तिच्यात लिहून ठेवू. पहिल्या पानावर मेणवली आहे, दुसरं पान कोरं आहे.